पौर्णिमेला बंद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला भूगोल शिकवायचे. भारताचा नकाशा त्यांच्या हातून तीन फटकाऱ्यांत फळ्यावर उतरायचा आणि शेवटी, खाली उजवीकडे, ते एक कैरी टांगायचे. "ही लंका. देठ जाफन्याला." मग खडू तिरका धरून दोन बाण: एक नैऋत्येकडून, एक ईशान्येकडून. परीक्षेत त्यांचा ठरलेला प्रश्न असे, 'श्रीलंकेत पाऊस कधी पडतो?' आम्ही 'जून ते सप्टेंबर' असं लिहून मोकळे व्हायचो. सर अर्धा गुण कापायचे आणि समासात लिहायचे, 'कुठे, ते आधी सांग.'

सरांनी लंका पाहिली नव्हती. त्यांच्याकडे पासपोर्टच नव्हता. मी पाहिली ती 2024 च्या मे महिन्यात, चौतीस मराठी माणसांच्या सहलीत, सहा रात्री आणि सात दिवस. तेवढ्या भांडवलावर व्याख्यान द्यायला उभं राहणं हे धाडसच आहे. पण जाण्याआधी आणि आल्यावर मी याच वाचनालयातली पुस्तकं बरीच चाळली, आणि सरांचा अर्धा गुण अजून डोक्यात बसलेला आहे. त्यामुळे 'कुठे' हे आधी सांगण्याचा प्रयत्न करीन.

प्रश्न साधा आहे. सुट्टी घालवायला निघालेला माणूस या बेटाकडे का वळतो? समुद्र म्हणाल, तर तो आपल्याला वेंगुर्ल्यालाही आहे. नारळ, फणस, काजू, लाल माती, कौलारू घरं, सगळं आहे. महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडा मोठा, आपल्या कोकण विभागाच्या साधारण दुप्पट एवढा हा देश. तरी 2024 साली तिथं वीस लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले आणि त्यातले चार लाखांहून अधिक भारतीय होते. कुठल्याही एका देशातून आलेले सर्वांत जास्त. कंपन्यांच्या पत्रकात याचं उत्तर ठरलेलं असतं: स्वच्छ किनारे, हत्ती, रामायणातली स्थळं, आणि मग 'बुद्धाची शांत भूमी'. मला जे उत्तर सापडलं ते पत्रकात नव्हतं. तो देश स्वतः सुट्टी घेतो, आणि ती घेताना पाहुण्याला विचारत नाही. पाहुण्याला खरी सुट्टी मिळते ती त्या अडवणुकीतून, असं मला वाटतं. कसं, ते सांगतो.

तिथं दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला 'पोय' म्हणतात. पालीतला 'उपोसथ' झिजत झिजत पोय झाला. दारूची दुकानं बंद, हॉटेलातले बार बंद, मांसविक्री बंद. बारा पौर्णिमांना बारा नावं, आणि त्यातली काही ऐकताच आपली वाटतात: वेसक म्हणजे आपला वैशाख, एसळ म्हणजे आषाढ. आपण पौर्णिमा पंचांगात पाहतो, ते लोक बाजारात पाहतात.

आणि हे प्रकरण एके काळी याहून पुढं गेलं होतं. 1966 साली तिथल्या सरकारनं शनिवार-रविवारची सुट्टी चक्क रद्द केली आणि चंद्राच्या कलांवर आठवडा बांधला. पोयाचा दिवस आणि त्याच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या. चंद्राला सात दिवसांचं बंधन नसल्यामुळे आठवडा कधी सहा दिवसांचा, कधी आठ दिवसांचा. आंतरराष्ट्रीय व्यापार, बँका, जहाजं यांचं गणित पार विस्कटलं. 1971 मध्ये ते सोडून द्यावं लागलं आणि रविवार परत आला. मजा अशी की त्याच 1966 साली परदेशी पाहुणे आणण्यासाठी सिलोन टुरिस्ट बोर्डही स्थापन झालं. एका हातानं परक्यांच्या सुट्टीची सोय आणि दुसऱ्या हातानं स्वतःची सुट्टी परक्यांच्या कॅलेंडरातून सोडवून घेणं. या दोन गोष्टी एकाच वर्षी सुचलेल्या सरकारबद्दल मला आदर वाटतो. फसलं, तरी वाटतो.

आता आमची सहल. ती नेमकी वेसकच्या पौर्णिमेवर येऊन पडली. वेसकला दोन दिवस बंद असतो. आमच्या कंपनीनं, जिचं नाव मी घेणार नाही, हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं आणखीही एक. मे महिन्याच्या शेवटी नैऋत्य मोसमी वारे आधी लंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला येऊन भिडतात. तिथला समुद्र खवळलेला असतो. त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीकडे पाणी तळ्यासारखं. डिसेंबर-जानेवारीत सगळं उलट. म्हणजे या बेटावर बारा महिने कुठला ना कुठला किनारा शांत असतोच. फक्त 'कुठे' ते माहीत हवं. आम्हाला नेलं बेन्टोटाला, नैऋत्येला. वाळूत लाल बावटा रोवलेला. पोहण्याचे कपडे घालून आलेली मंडळी बावट्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. सरांनी कंपनीचे अर्धे नव्हे, सगळे गुण कापले असते.

पण त्याआधी कँडी. संध्याकाळी हॉटेलात शिरलो तर बारच्या काउंटरवर पांढरी चादर पसरलेली, आणि काचेच्या कपाटालाही आतून कागद लावलेला. आमच्यातले नाशिकचे एक बागायतदार गृहस्थ, माणूस उमदा, पण त्यांचा पारा चढला. "पैसे भरलेत आम्ही. पौर्णिमा यांची, आम्ही का उपास करायचा?" काउंटरवरच्या मुलानं हसून दोन्ही हात जोडले आणि त्यांच्यापुढं शहाळं ठेवलं. पिवळंधमक, तिथं त्याला 'तॅंबिलि' म्हणतात. "सर, फ्री. वेसक." बागायतदारांनी ते अशा चेहऱ्यानं प्यायलं, जणू औषध आहे. मग आणखी एक मागितलं.

रात्री आमचा ड्रायव्हर आम्हाला शहर बघायला घेऊन गेला. पहिल्या दिवशी सगळे त्याला 'ओ ड्रायव्हर' म्हणत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत तो सगळ्यांचा 'मल्ली' झाला होता, म्हणजे धाकटा भाऊ. मोठा भाऊ 'अय्या', आणि मोठी बहीण 'अक्का'. ती तर कोल्हापुरातही अक्काच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी कंदील. बांबूच्या कामट्यांचे, आठ बाजूंचे, खाली झिरमिळ्या, 'अटपट्टम' म्हणतात. आपला दिवाळीचा आकाशकंदील आणि तो शेजारी ठेवले तर चुलतभाऊ शोभतील. चौकात उंच मांडव, त्यावर हजारो दिव्यांची उघडझाप आणि चौकटी-चौकटीतून एक जातककथा. त्या मांडवाचं नाव 'तोरण'. हाच शब्द, जवळजवळ हाच उच्चार.

आणि मग आमची बस अडवली. खरोखर अडवली. सातआठ पोरं हातात झेंडे घेऊन रस्त्याच्या मध्यात उभी. मराठी माणसाच्या मनात अशा वेळी एकच शब्द येतो: वर्गणी. पुण्याच्या एका काकूंनी पर्स घट्ट धरली. मल्ली म्हणाला, "दन्सल. खायचं. नाही म्हणायचं नाही." दन्सल म्हणजे दानशाळा. वेसकला गल्लीगल्लीत, कारखान्यांच्या फाटकाशी, पोलीस चौकीच्या अंगणात माणसं स्वतःच्या खर्चानं शिजवतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून वाढतात. भात असतो, कुठं नुसता चहा, कुठं आइसक्रीम. आइसक्रीमच्या रांगेत मोटारीतले लोक आणि रिक्षावाले एकामागे एक उभे होते.

आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पत्रावळीच्या जागी थाळीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ताणलेला. जेवण झालं की कागद काढून टाकायचा, थाळी तशीच पुढच्याला. भात, परिप्पू म्हणजे आपलं वरण पण नारळाच्या दुधात, फणसाची भाजी, आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्यात खोबरं कालवलेलं 'मल्लुम'. वाढणारा मुलगा सोळासतरा वर्षांचा असेल. त्याचा हात भाताच्या पातेल्यात कोपरापर्यंत जायचा, कारण पातेलं खोल आणि डाव तुटलेला. तुटलेल्या डावाचा नुसता वाडगा मुठीत धरून तो वाढत होता, आणि प्रत्येक वाढपाबरोबर मनगटाला वाफ लागली की 'हा' म्हणून हात झटकायचा. दुसरा डाव आणायला कुणाला वेळ नव्हता. उठताना बागायतदारांनी खिशात हात घातला, "किती द्यायचे?" मुलानं मागं सरून मान हलवली. बागायतदार नोट हातात धरून तसेच उभे. वारीला निघालेल्यांना आपल्याकडे लोक असंच वाढतात, सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना असंच वाढतात. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते आजवर वाढणाऱ्यांच्या बाजूला होते, एवढंच.

मी याला अडवणूक म्हणतो ते याच अर्थानं. सुट्टीवर निघालेला माणूस वर्षभर गिऱ्हाईक असतो आणि सुट्टीतही गिऱ्हाईकच राहतो, फक्त दुकान बदलतं. त्या रात्री आम्हाला काही विकत घेता येत नव्हतं. जे हवं ते बंद, आणि जे मिळत होतं त्याला किंमत नव्हती. चौतीस माणसं बसमध्ये परतली तेव्हा पहिल्यांदाच कुणी उद्याचं वेळापत्रक विचारलं नाही.

कँडीतलं मुख्य देऊळ म्हणजे दळदा मालिगाव. हे गाव नव्हे हं. मालिगाव म्हणजे महाल. 'दळदा' हा शब्द पालीतल्या दाठाधातूवरून आला आणि दाठा म्हणजे आपली दाढ. बुद्धाचा दात तिथं आहे अशी श्रद्धा आहे. रोज तीन वेळा ढोल आणि सनईसारख्या वाद्याच्या गजरात पूजा होते, आतलं दार उघडतं, आणि लांबून सोन्याचा स्तूपाच्या आकाराचा करंडक दिसतो. त्या करंडकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. दात दिसत नाही. जगभरातून लोक येतात, तिकीट काढतात, रांगेत उभे राहतात, ते न दिसणाऱ्या वस्तूसाठी. पर्यटनाच्या हिशेबात हे बसत नाही.

आणि या दाताची आपल्याशी एक जुनी, वाईट ओळख आहे. 1560 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं, दों कोंस्तांतीनो द ब्रागांसानं, जाफन्यावर स्वारी केली. लुटीत त्याला एक दात मिळाला. हाच तो बुद्धाचा, असं सांगण्यात आलं. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजानं तो सोडवून घेण्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. खजिना रिकामा होता, दरबारी लोक विकायला तयार होते. पण गोव्याच्या आर्चबिशपनं दात खलबत्त्यात घालून कुटला, निखाऱ्यांवर जाळला आणि राख नदीत टाकली. हे जुन्या गोव्यात घडलं. आज आपण तिथं चर्च पाहायला जातो, तेव्हा हे कुणी सांगत नाही.

सिंहली लोकांचं म्हणणं वेगळं. जळाला तो दात खरा नव्हेच. खरा त्या काळात रत्नपूरजवळ देल्गमुव इथल्या विहारात दडवला होता, आणि कशात, तर 'कुरक्कन' दळायच्या जात्यात. कुरक्कन म्हणजे नाचणी. जगातल्या एका मोठ्या धर्माची सर्वांत मौल्यवान वस्तू नाचणीच्या जात्यात लपते, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी नाचणी दळली जात असणार, असं मला उगाचच वाटतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला तो दात कँडीला आला आणि राजाची सत्ता त्या दाताला बांधली गेली: ज्याच्याकडे दात, त्याच्याकडे राज्य. 1815 मध्ये इंग्रजांनी कँडी घेतली.

मधे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दात जाळल्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1687 मध्ये, एक गोमंतकीय पाद्री मजुराच्या वेषात लंकेला पोचला. जुझे वाझ. जन्म 1651, बाणावलीचा; वडिलांचं गाव साखवाळ. किनाऱ्यावर तेव्हा डच आलेले, आणि ते कॅथलिकांना जगू देत नव्हते. वाझ डोंगरातल्या कँडी राज्यात गेले. पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना पकडलं. पुढं त्याच बौद्ध राजानं, दुसऱ्या विमलधर्मसूर्यानं, त्यांना मोकळं फिरू दिलं, आणि ते 1711 मध्ये कँडीतच वारले. 14 जानेवारी 2015 ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद दिलं. ज्यांच्या दाताची राख गोव्यानं नदीत टाकली, त्यांनी गोव्याच्या पाद्र्याला आसरा दिला. आणि त्याच साखवाळमध्ये 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1902 मध्ये लंकेला गेले, ते काही शिकवायला नव्हे, कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकायला. एका लहान गावानं लंकेशी दोनदा, दोन दिशांनी, व्यवहार केला. मराठी वाचकाला बौद्ध वाङ्मय वाचता आलं त्यात या दुसऱ्या फेरीचा वाटा मोठा आहे.

आमच्या गटात नागपूरच्या एक बाई होत्या. निवृत्त परिचारिका, एकट्या आलेल्या, फार बोलायच्या नाहीत. बाकी सगळ्यांच्या बॅगेत टोप्या आणि गॉगल; त्यांच्या बॅगेत घडी केलेली पांढरी साडी. वेसकच्या सकाळी दळदा मालिगावात आम्ही आपले मोबाइल सरसावून उभे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, ही तिथली ताकीद टूर मॅनेजरनं दोनदा दिलेली, त्यामुळे सगळे तिरके उभे राहून फोटो काढत होते. शेजारी जमिनीवर पांढऱ्या कपड्यांतल्या शेदोनशे सिंहली बाया-पुरुषांनी त्रिशरण आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्या बाई त्यांच्यात जाऊन बसल्या आणि म्हणू लागल्या. शब्द तेच, पाली तीच. चाल किंचित वेगळी होती. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी ती पकडली. शेजारच्या म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या द्रोणातली निम्मी कमळं त्यांच्या ओंजळीत घातली. चौतीसांपैकी तेहतीस जण तिथं परदेशात होतो.

नंतर बाहेर चपला घालताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला भाषा येते?" त्या म्हणाल्या, "भाषा नाही. वंदना येते." मग थोड्या वेळानं, "बाबासाहेब इथे आले होते. 1950 ला. जागतिक बौद्ध परिषदेला." माझ्या माहितीत ते होतं, पण माझ्या प्रवासात ते नव्हतं. त्यांच्या प्रवासात तेच होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान पर्यटन खात्याचं होईल. 'बुद्धाची शांत भूमी' ही जाहिरात आहे. 2012 च्या जनगणनेत तिथं सत्तर टक्के बौद्ध होते; उरलेल्या तीस टक्क्यांना त्या सत्तर टक्क्यांनी काय दिलं हा इतिहास सुखाचा नाही. 1959 मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांना गोळ्या घालणारा माणूस भिक्खू होता. 1981 मध्ये जाफन्याचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं. सुमारे 97 हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं. मी वाचनालयात उभा राहून बोलतो आहे म्हणून हा आकडा दोनदा उच्चारावासा वाटतो: 97 हजार. दोन वर्षांनी सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी पेटली आणि ती 2009 पर्यंत चालली. 1998 मध्ये तमिळ वाघांनी दळदा मालिगावाच्या दारातच ट्रकबॉम्ब फोडला. चहाच्या मळ्यात आमच्या बसनं दहा मिनिटं थांबा घेतला. पाती खुडणाऱ्या बायांचे फोटो काढायला. त्यांच्या पणज्या तमिळनाडूतून आणलेल्या. देश 1948 ला स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं त्यांच्यातल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. त्यातल्या एकीनं आमच्याकडे पाहून टोपली पाठीवरून पुढं घेतली, फोटोसाठी. ते तिनं ज्या सवयीनं केलं ते मला बरं वाटलं नाही. मी फोटो काढलाच.

माणसं तिकडं जात राहतात, आणि दुर्दैव येत राहतं. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी नेमकी पोयाच्या दिवशी आली. किनाऱ्याच्या आगगाडीत सुट्टीची गर्दी होती. पेरलियजवळ लाटेनं गाडी उलथवली, हजाराहून अधिक माणसं गेली. 2019 च्या ईस्टरला चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट. 2022 मध्ये तिजोरी रिकामी, पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगा, आणि वाझ यांना जिथं संतपद मिळालं त्याच गॉल फेसवर लोकांनी तंबू ठोकले. राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. आज तिथं संध्याकाळी पोरं पतंग उडवतात आणि गाड्यांवर 'इस्सो वडे' मिळतात. डाळवड्यात वरून एक अख्खी कोळंबी रुतवलेली. शाकाहाऱ्यांना इशारा: वडा नुसता दिसला तरी विचारून घ्या. खोबऱ्याच्या चटणीतही वाळवलेल्या मासळीचा चुरा असतो. कोकणातल्या माणसाला हा इशारा नसून निमंत्रण वाटेल.

खाण्याचं निघालंच आहे तर एकच सांगतो. रस्त्याकडेला मातीच्या मडक्यात म्हशीचं दही मिळतं, 'मीकिरि', आणि त्यावर कितुळच्या रसाचा काकवीसारखा दाट पाक. कितुळ म्हणजे आपला भेरली माड. कोकणात तो लग्नाच्या मांडवाला पानं देतो. तिथं त्याच झाडातून माणसं वर्षभर गोडाची सोय करून घेतात. दोन्हींत शहाणं कोण, ते दही खाऊन ठरवा.

सिगिरियाबद्दल लोक विचारतात म्हणून थोडं. पाचव्या शतकात कश्यप राजानं दोनशे मीटरच्या सरळ कड्यावर राजवाडा बांधला; कड्याच्या पोटात भिंतीवर स्त्रिया रंगवल्या आहेत, ज्या पाहून अजिंठा आठवल्यावाचून राहत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाची गोष्ट रंगवलेली आहेच. पण मला तिथं आवडली ती आरशासारखी घोटलेली भिंत. राजा गेला, राजवाडा ओस पडला, आणि त्यानंतर शतकानुशतकं लोक ती चित्रं पाहायला येत राहिले आणि भिंतीवर ओळी कोरत राहिले. त्यातल्या 685 ओव्या सेनरत परणवितान यांनी वाचून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या, बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या. भिक्खू, शिपाई, बायका, सगळे. कुणी चित्रातल्या बायकांवर भाळलेला, कुणी त्यांच्यावर रुसलेला. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी तिथं सहलीला लोक जात होते, आणि आल्याची खूण ठेवत होते. आता भिंतीला बोट लावलं तरी रखवालदार शिट्टी वाजवतो. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मग त्यांना कसं लिहू दिलं?" रखवालदारानं उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही.

अनुराधपूरचं सांगायचं राहिलं. सहा रात्रींच्या सहलीत ते नसतं. नागपूरच्या बाईंनी नाव नोंदवताना कंपनीकडून लेखी घेतलं होतं, म्हणून आमच्या वाट्याला आलं. अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेलं झाड तिथं आहे; लावल्याची नोंद आणि राखणदारी इतक्या सलगपणे चालत आलेलं झाड दुसरं नाही. जवळच मिहिन्तले. तिथं अशोकाचा मुलगा महिंद यानं राजा देवानंपिय तिस्साची बुद्धी तपासली ती आंब्याच्या झाडावरून: हे कोणतं झाड, याखेरीज दुसरे आंबे आहेत का, त्यांखेरीज दुसरी झाडं आहेत का, आणि ते दुसरे आंबे नि ती दुसरी झाडं सोडून आणखी झाड उरतं का? शेवटी राजाला सांगावं लागलं की राहिलं ते हेच समोरचं झाड. मला लगेच सर आठवले. कैरी, आणि 'कुठे, ते आधी सांग.'

बोधिवृक्षाला हात लावता येत नाही. सोनेरी कठड्यात, उंच चौथऱ्यावर, टेकू दिलेल्या फांद्या. पान तोडायची तर बातच नाही. आपणहून पडलेलं पान मिळालं तर घ्यायचं. लोक त्यासाठी वाळूत बसून राहतात. टूर मॅनेजरनं चाळीस मिनिटं दिली होती. आम्ही दहा मिनिटांत फोटो काढून सावलीत आलो, कारण वाळू तापली होती आणि पायांत काही नव्हतं. बाई पांढरा पदर मांडीवर पसरून बसल्या. त्यांच्या शेजारी एक सिंहली आजोबा, त्यांचा रुमाल पसरलेला. दोघंही वर बघत. पानं हलत होती, पडत नव्हती. तीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मल्लीनं दुरून हॉर्न वाजवला नाही, नुसता दिवा दोनदा लावला. मी बोलवायला गेलो.

त्या उठल्या, पदर झटकला आणि तो रिकामाच आहे हे पुन्हा एकदा पाहिलं. आजोबांना हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वारा कमी आहे आज," आणि चपला कुठल्या बाजूला काढल्या होत्या ते आठवू लागल्या.